भिंतीतला दयाळ, मडक्यातली माय

झाकणी वाजली. टिक्. एवढंच.

भर दुपारी घर इतकं गप्प होतं की ती टिक् मला चुलीपाशी ऐकू आली. धनूला झोळीत टाकून नुकतीच कुठे पाठ टेकणार होते. दहा महिन्यांचं लेकरू ते, पण झोपायचं म्हटलं की दावणीतून सुटलेल्या कालवडीसारखं करायचं. मी श्वास धरून झोळीकडे पाहिलं. हलली नाही. पुन्हा टिक्, आणि पाठोपाठ फडफड, कोरा कागद कुणी मुठीत चुरगळावा तशी.

पावलं न वाजवता मी पडवीत गेले. भिंतीला लागून आत्यांची मडकी ओळीनं मांडलेली होती, प्रत्येकावर मातीची झाकणी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोसा. रानाच्या कडेला येनाची, म्हणजे ऐनाची, झाडं आहेत, त्यांच्या पाल्यावर अळ्या वाढवायच्या, त्यांनी विणलेले कोसे रेशमासाठी विकायचे आणि थोडे बियाण्याला ठेवायचे. बियाण्याच्या कोशांतून पतंग निघतात, नर-मादी जुळतात, आणि मग आत्या एकेका मादीला एकेका मडक्यात अंडी घालायला ठेवत. तिला त्या पतंग म्हणत नसत. माय म्हणत.

वाजणारी झाकणी मी उचलली. आतली माय तळहाताएवढी होती, हळदीत माती कालवल्यासारख्या रंगाची. प्रत्येक पंखावर काचेसारखी एक गोल टिकली. मडक्याच्या भिंतीला तिनं अंडी चिकटवली होती, पोट खपाटीला गेलं होतं आणि पंखांच्या कडा झडल्या होत्या. काम झालं होतं, तरी कुठंतरी जायचं असल्यासारखी धडपडत होती. या पतंगांना खायला तोंडच नसतं. अळी असताना जे पोटात साठवलं त्याच शिदोरीवर उडायचं, जुळायचं, अंडी घालायची आणि संपायचं. कॉलेजात हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या दुपारी मात्र मी झाकणी हातात धरून तिच्याकडे पाहत राहिले.

झाकणी ठेवली, तेवढ्यात भिंतीतली पिल्लं ओरडायला लागली.

दाराशेजारी पूर्वी विजेचं मीटर होतं. ते हलवलं तेव्हाचं भोक आत्यांनी बुजवलं नव्हतं, आणि त्यात दयाळाच्या जोडीनं घर केलं होतं. नर काळा-पांढरा, ऐटबाज, तारेवर बसून पहाटेपासून शीळ घालणारा. मादी करडी, गुपचूप. तिचा सगळा दिवस चोचीत काहीतरी घेऊन ये-जा करण्यात जायचा. पिल्लांचा कालवा कानावर पडला आणि माझ्या छातीत कळ आली. ब्लाउज ओला झाला. माझं लेकरू पोटभर पिऊन झोपलेलं, आणि मला पाखराच्या पिल्लांच्या रडण्यानं पान्हा फुटला! मी घाईनं पदर घेतला, जणू अंगणातून कुणी पाहून हसणार होतं.

त्या दिवशी माझं मन कशातच ठरत नव्हतं. घडीच्या कपड्यांची पुन्हा घडी घालत होते, भरलेल्या माठात पाणी ओतत होते. बियाणे केंद्राचे नागोसे साहेब संध्याकाळी यायचे होते. मी त्यांच्याकडे हंगामापुरती तपासनीस होते. त्यांनीच मला विचारलं होतं: रांचीला सहा महिन्यांचं शिक्षण, आणि ते करून आलं की केंद्रात कायमची जागा. गावातल्या कुण्या सुनेला असं कुणी विचारलं नव्हतं. पण तिथल्या वसतिगृहात लेकरू चालत नव्हतं. खुशाल, माझा नवरा, वडशाला राईस मिलमध्ये कामाला, तो फोनवर म्हणाला होता, "आई धनूले पाहतो म्हणाली त जाय. माझं काही नाही."

आणि आई काही म्हणत नव्हती. मी विचारलं तेव्हा आत्यांनी ताट पुढे सरकवून "भात वाढ" एवढंच म्हटलं. त्यानंतर ना हो, ना नाही. आज साहेबांना उत्तर द्यायचं होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत तर ते उत्तर 'नाही' असणार, हे मलाही कळत होतं.

पिल्लांचा आवाज थांबेना. नर आला, किडा भरवून गेला, पुन्हा आला. करडी कुठं दिसली नाही. ऊन फार आहे, बसली असेल सावलीला, असं मी मनाशी म्हटलं.

आत्या रानातून आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आधीच्या खेपेची अंडी फुटून बारक्या अळ्या येनावर चढल्या होत्या. उजाडल्यापासून आत्या झाडांखाली राखणीला बसायच्या. पाखरं अळ्या टिपतात, म्हणून गुलेल घेऊन हाकलायचं. मी कधी जात नसे. अंगावर पाजणारी बाई कोशाच्या झाडाखाली जात नाही, असा आमच्या घरचा नेम. रोज आत्यांच्या गळ्यात गुलेल लोंबत असायची. आज ती कमरेच्या पिशवीत गुंडाळलेली होती. त्यांनी हात धुतले. परत धुतले.

"वाढू का, आत्या?"

"नाई. भूक नाई."

"सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

"तुह्या त्या मायांच्या तरी कुठं हाय?" त्या मडक्यांपाशी बसल्या. "सारं नीट हाय नं? मांजर नाई आली?"

"नाही. एक माय फडफडत होती फक्त. अंडी घालून झाली तिची." मी जरा थांबून म्हटलं, "आत्या, साहेब येतील आता. तपासणी उरकायला पाहिजे."

आत्यांनी माझ्याकडे न पाहता झाकणीवरची धूळ पदरानं पुसली.

या तपासणीवरूनही आमच्या घरात धुसफूस होती. मागच्या साली गावभरच्या अळ्या रोगानं काळ्या पडून झाडावरच लोंबल्या. हा रोग मायच्या पोटातून अंड्यांत उतरतो. म्हणून केंद्राचा नियम आला की अंडी झाडावर न्यायच्या आधी प्रत्येक माय तपासायची. तपासायची म्हणजे खलात घालून कुटायची, द्रावाचे थेंब टाकायचे, आणि तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. चमकणारे बारीक कण दिसले तर तिची अंडी जाळायची. न दिसले तर अंडी ठेवायची. माय दोन्हीकडून जायचीच.

आत्यांची रीत वेगळी होती. अंडी घालून झाली की त्या एकेकीला पळसाच्या पानावर घेत, हळदीचं बोट लावत आणि येनाच्या बुंध्याशी नेऊन ठेवत. तिथं ती तिच्या वेळेनं संपायची.

"पोटातलं सारं देऊन बसली बिचारी," आत्या म्हणाल्या, "अना तू तिले कुटतं."

"न कुटता कसं कळणार?"

"शिकून काय शिकली मंग तू?"

"हेच शिकले," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "आणि पुढचंही शिकायला बोलावलंय. तुम्हाला विचारलंय मी."

झोळीत धनू चुळबुळली. आत्या उठल्या, तिला उचलून मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "घे. कर तुहं काम."

केंद्रातून आणलेला सूक्ष्मदर्शक मी पडवीच्या उजेडात स्टुलावर ठेवला. पहिलं मडकं घेतलं. मघाची फडफडणारीच निघाली. मी तिला उचललं, तर तिनं माझ्या बोटाला पाय घट्ट रोवले, जसा धनू न्हाणीघरातून निघताना माझा पदर धरायची. केंद्रात हे काम मी कितीदा केलं होतं. तिथं माय म्हणजे वहीतला एक आकडा असायची. घरच्या पडवीत, सासूच्या डोळ्यांदेखत, मी तिला खलावर धरून थांबले.

"थांबली काऊन?" आत्या म्हणाल्या. "करायचंच हाय त लवकर कर. तिले ताटकळवू नको."

मी केलं. थेंब काचेवर घेतला, डोळा लावला. स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरी. प्रत्येक मडक्याच्या वेळी मी मनात म्हणत होते, निघू दे एखादा कण, म्हणजे आत्यांना दाखवता येईल की हे बघा, यासाठी मारते मी. एकही निघाला नाही. उन्हाची तिरीप पायरीवरून अंगणात उतरली. पिल्लं मधूनमधून ओरडत होती, नर येत होता, जात होता. मागे आत्यांच्या मांडीवर धनू बोळकं पसरून त्याच्या दिशेनं हात करत होती.

शेवटची काच मी बाजूला ठेवली.

"काय निंगालं?" आत्यांनी विचारलं.

"काही नाही. सगळ्या निरोगी. अंडी सगळी चांगली आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या."

एक मडकं जवळ ओढून आत्यांनी आतली अंडी पाहिली. "म्हंजे चांगल्याच होत्या," त्या म्हणाल्या. "मेल्यावर कळलं."

मला रडू आलं. कशाचं ते माहीत नाही. मायांचं, धनूचं, की साहेबांची मोटारसायकल आता कधीही वाजेल याचं. मी खल घेऊन न्हाणीकडे निघाले, तेव्हा आत्या म्हणाल्या, "बस खाली. खल राहू दे."

मी पायरीवर बसले.

"ते पाह्य," त्यांनी भिंतीतल्या भोकाकडे हनुवटी केली. नर नुकताच आत शिरला होता. "सकाळपासून तोच येऊन राह्यला नं?"

"हो. मादी दिसली नाही आज."

"नाई दिसाची."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"सकाळी येनावर बसली होती. करडी. आपण काय, पाखरू दिसलं का गुलेल. उडवून लावाले मारतो, जीव घ्याले नाई. पण पान आड आलं का काय झालं, खडा बसला. पडली खाली." आत्यांनी धनूच्या डोक्यावरचं जावळ सारखं केलं. "उचलून पाह्यलं त चोचीत अळी तशीच धरलेली. गिळली नव्हती. सोतासाठी घेतली असती त गिळली असती नं, प्रणाली?"

मी भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं.

"घरातलीच होती ती. ओळखली मी. रोज दारातून जाणारी, ओळखणार नाई? येनाखाली ठेवली. हळद नव्हती जवळ." त्या थांबल्या. "घरी आली त वाटलं, पिल्लं मेली असतीन. तवापासून पाहून राह्यली मी. तो एकटाच आणते. गाणं बंद हाय त्याचं आज, आईकलं? आज नाई गायला. पण आणते."

खरंच की. दिवसभर घर इतकं गप्प का होतं, ते मला तेव्हा कळलं. तारेवरची शीळच नव्हती.

"खुशाल असाच होता," आत्या एकदम म्हणाल्या. त्यांची नजर धनूवर होती. "अंगावर पिऊन राह्यला होता. त्याचा बाप तापानं आडवा पडला, अना अळ्या झाडावर चढलेल्या. राखाले कोणी नाई. पाजणारी बाई झाडाखाली जात नाई, हे तुले ठाऊक हाय. मंग कडुनिंब वाटला अना छातीले लावला. त्यानं तोंड लावलं, थू थू केलं, माह्याकडं असं पाह्यलं..." त्यांनी हातानं ते पाहणं पुसून टाकलं. "दूध तोडलं अना गेली. तवा झाडाखालीच झोपडी राहे, कोसा उतरल्याबिगर घरी याचं नाई. आली तवा पोट्टा माह्या जावेच्या लुगड्यामागं लपला. माहीच जाऊ, अना मलेच म्हणे, घाबरते तो, जोरानं नको बोलू."

"मग?"

"मंग काय. मोठा झाला. मिशा आल्या. तुह्याशी लगन केलं."

मी हसले आणि डोळे पुसले. आत्या हसल्या नाहीत.

"तवा मी गेली नसती त काय झालं असतं, मले ठाऊक नाई. गेली ते चांगलं का वाईट, तेही ठाऊक नाई. कोणी सांगतलं नाई मले. सासू बोलली नाई, नवरा बोलला नाई. कोसा चांगला उतरला, एवढंच म्हणे सारे."

मोटारसायकल आली. नागोसे साहेबांनी ती बाभळीखाली लावली, टोपी काढून घाम पुसला. "काय मावशी, झाली का तपासणी? का सुनेला तुम्ही हातच लावू दिला नाही?"

"झाली न बाप्पा. साऱ्या धडधाकट निंगाल्या. तुमचाच नियम आजारी हाय."

साहेब मोठ्यानं हसले. पाणी प्यायले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि मॅडम, तुमचं काय ठरलं? मला आजच कळवायचंय. नाहीतर दुसरं नाव द्यावं लागेल."

मी तोंड उघडलं. धनू आत्यांच्या मांडीवरून माझ्याकडे झेपावत होती, दोन्ही हात पुढे. छाती दुखत होती. 'नाही' हा शब्द जिभेवर आला होता. अगदी दातांपर्यंत.

"लिवा तिचं नाव," आत्या म्हणाल्या.

"मावशी, सहा महिने आहेत हं. लेकरू..."

"लेकरू माह्या मांडीवर दिसून नाई राह्यलं काय? लिवा."

साहेब गेल्यावर मी आत्यांचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. "तसलं काही नको. अना एक आईक. चांगलं केलं का वाईट केलं, हे मले इचारू नको. परत आल्यावर बी नको." मग धनूला माझ्याकडे देत त्या म्हणाल्या, "घे, पाज तिले. आज पाज. कडुनिंबाचं मी पाहीन."

धनू प्यायली. भिंतीतली पिल्लं अंधारायच्या आत निजली. नर थोडा वेळ तारेवर बसला होता, नुसताच.

मी गेले. रांचीचे महिने कसे काढले ते कधी कुणाला सांगितलं नाही, आणि इथंही सांगत नाही. परत आले तेव्हा पिशवी खाली ठेवून मी पडवीत हात पसरले, आणि धनू दुडुदुडु पळाली ती आत्यांच्या लुगड्यामागं. एका डोळ्यानं मला बघत राहिली. आत्यांनी तिला पुढं ढकललं नाही, 'तुही आई हाय ती' असंही म्हटलं नाही. त्या नुसत्या सावकाश खाली बसल्या, जमिनीवर, मांडी घालून. धनूला लपायला मागं काही उरलंच नाही. ती उघड्यावर आली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो.

आता ती शाळेत जाते. मला मम्मी म्हणते आणि आत्यांना माय. बोलते आत्यांसारखी. आत्यांच्या गुडघ्यांनी दावा मांडल्यापासून झाडांची राखण भाड्याच्या माणसांकडे आहे, पण मडकी अजून पडवीतच मांडली जातात. घरची तपासणी मी सुटीच्या दिवशी करते, धनूचा अभ्यास आणि चूल यांच्या मधल्या वेळात.

परवा ती माझ्या स्टुलाला चिकटून उभी होती. आत्या पायरीवर बसून पळसाची पानं पुसत होत्या. कुटलेल्या मायांना बुंध्याशी न्यायची रीत त्यांनी सोडलेली नाही; आता खलातलं उरलेलं त्या पानावर घेतात, हळद लावतात. भिंतीतल्या भोकातून दयाळाची शेपटी दिसत होती. कुठली जोडी कोण जाणे.

"मम्मी, ही कशी निंगाली?"

"छान. एकदम निरोगी."

"म्हंजे हिची पिल्लं आजारी नाई पडाची?"

"नाही पडायची."

"दयाळाची माय पिल्लांपाशी राहते. ही मात्र मरते."

"हो."

"चांगली निंगाली तरी मरते?"

"हो गं. मेल्यावरच तर तपासता येतं."

धनूनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ पाहत राहिली. पायरीवर आत्यांचा पानं पुसणारा हात थांबला होता. मग काचेवरून डोळा न काढताच धनूनं विचारलं,

"मंग ती चांगली माय होती, हे तिले कोण सांगते?"